कोण, कशाला, किती दिवस

आमच्या अण्णांच्या खोलीच्या दाराला सतरा कड्या होत्या, असं सोलापूरच्या शुक्रवार पेठेत अजून सांगतात. साफ खोटं आहे. त्यांच्या शेजारच्या खोलीत मी अकरा वर्षं भाड्यानं काढली, कड्या स्वतः मोजल्या आहेत. तेरा होत्या. वरच्या चार गल्लीनं नंतर बसवल्या, आणि त्यातली एक माझी आहे हे मी कबूल करतो.

दार वाजवलं की आतून आधी कानडीत आवाज यायचा. "यार?" म्हणजे कोण. नाव सांगितलं की, "याक?" म्हणजे कशाला. कारण सांगितलं की, "एष्ट दिन?" म्हणजे किती दिवस. हा तिसरा प्रश्न दूधवाल्यालाही चुकत नसे. बिचारा रोज सकाळी "पाच मिंटं" असं उत्तर देऊन अर्धा लिटर दूध आत घालायचा. विजेचं मीटर बघायला येणारा माणूस पहिल्या महिन्यात चिडला, दुसऱ्यात रडकुंडीला आला, आणि तिसऱ्या महिन्यापासून जिना चढता चढताच तिन्ही उत्तरं ओरडत यायला लागला. एकदा राखीपौर्णिमेला अण्णांची थोरली बहीण मंद्रूपहून आली. हातात डबा, डोक्यावर ऊन.

"यार?"

"मी हाय की रं. अक्का."

"याक?"

"राखी बांधायला."

"एष्ट दिन?"

अक्कांनी डबा पायरीवर ठेवला. मग जिन्यात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाल्या, "ह्याला पाळण्यात घातलं तवाच कडी लावायला पायजे होती. भाहेरनं."

पण एकदा का दार उघडलं, की मग तुमची सुटका नव्हती. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, वर पुन्हा भाकरी. आत शिरायला तीन मिनिटं लागायची आणि बाहेर पडायला तीन तास. मीटरवाला तर एका महिन्यात जेवून तिथंच झोपला आणि आख्ख्या गल्लीचं रीडिंग दुसऱ्या दिवसावर गेलं. माणूस तुसडा नव्हता हो. त्यांचं म्हणणं एवढंच, की दार आधी बंद असावं आणि मग माणूस बघून उघडावं. आधी उघडं ठेवून नंतर माणसं हाकलत बसणं त्यांना पटत नसे. गल्ली त्यांना कडीअण्णा म्हणायची. त्यांना ते आवडायचं.

पोटापाण्यासाठी अण्णा अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात संगणकांची व्यवस्था बघायचे. बायकापोरं मंद्रूपला शेतावर, हे आठवडाभर सोलापुरात. मीही त्याच कारखान्यात, निर्यात विभागात, खोक्यांवरची लेबलं छापायला. मी मूळचा मोडनिंबचा, म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांनी माझं नाव मोडनिंब ठेवलं. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला आजही शंका आहे.

त्या पहिल्या दिवशी माझी लेबलं छापून येईनात. अण्णांकडं गेलो. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, मंद्रूपचा बाजार कधी बघितलास का. मी म्हणालो, लेबलाचं विचारतोय. ते म्हणाले, मी पण लेबलाचंच सांगतोय.

"संगणक म्हंजे एक घर समज. त्याला पासष्ट हजार खिडक्या हायत."

मला वाटलं, वा, माझ्यासारखा आकडे फुगवणारा माणूस भेटला. नंतर कळलं की हा आकडा खरा आहे, संगणकवाले या खिडक्यांना पोर्ट म्हणतात. अण्णांनी आयुष्यात एकही आकडा फुगवला नाही, ते काम कायम माझ्याकडंच राहिलं.

तर पूर्वी म्हणे ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारे लोक गिऱ्हाइकाची सोय म्हणून एक उद्योग करायचे. घर ताब्यात देतानाच कितीतरी खिडक्यांत एकेक नोकर बसवून द्यायचे. या नोकरांना सर्व्हिस म्हणतात. तुम्ही त्यांना बोलावलेलं नसतं, ओळखतही नसता, पण रस्त्यानं जाणाऱ्या कुणीही हाक मारली की हे आतून ओ देणार. त्यातला एक टेलनेट. दूरच्या संगणकावर बसून काम करायला तो चांगला, पण पासवर्ड असा उघडा नेणार, की वाटेत कुणीही ऐकावा. अण्णांच्या भाषेत, भर बाजारात उभं राहून हाळी द्यायची की घराची किल्ली देवळीत ठेवली हाय हो, आणि मग घरी जाऊन निवांत झोपायचं. दुसरा एफटीपी, फायली पोचवणारा हमाल. तोही तसलाच, पिशवीचं तोंड उघडं ठेवून चालणारा.

"वाईट न्हाईत ते," अण्णा म्हणाले. "भोळे हायत. ज्या काळात त्यांना केलं, त्या काळात सगळे एकमेकाला वळखत होते. आता कोण कुणाला वळखतंय?"

मग वडिलांची गोष्ट. ती त्यांनी मला त्या दिवशी सांगितली आणि पुढं दर आठवड्याला एकदा सांगितली. वडील शेताला कुंपण घालताना आधी चारी बाजूंनी बाभळीचे काटे लावायचे, एक वीतही मोकळी सोडायचे नाहीत. सगळं बंद झालं की मग बैलगाडी जिथून जायची तेवढीच वाट मोकळी करायचे. शेजारी उलटं करायचा, जिथून जनावर शिरलं तिथं काटा लावायचा. "त्या माणसाचं आख्खं आयुष्य काटं लावण्यात गेलं की रं," अण्णा म्हणायचे, "आणि जोंधळा खाल्ला दुसऱ्यांच्या म्हशींनी."

हे सगळं झाल्यावर त्यांनी एक जाड वही पुढं सरकवली. तिला दारवही म्हणायचे. तीन रकाने होते. कोण, कशाला, किती दिवस. मी माझं नाव लिहिलं, लेबलं छापायला लिहिलं आणि तिसऱ्या रकान्यात ठोकून दिलं, कायमचं. अण्णांनी खिशातून लाल पेन काढलं, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, दसऱ्यापर्यंत. "कायमचं असं काय नसतं," एवढं बोलून त्यांनी माझी खिडकी उघडली. लेबलं भराभरा यायला लागली.

दसऱ्यापर्यंत का, तर त्यांची एक रीत होती. खंडेनवमीला आमच्याकडं मागांची पूजा होते. झेंडूच्या माळा, नारळ, कुंकू, दोन दिवस माग उभे. अण्णा त्या दिवशी सर्व्हरच्या कपाटाला कुंकू लावायचे, उदबत्ती फार जवळ येऊ द्यायचे नाहीत, आणि मग स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम चालवायचे. त्यानं आख्ख्या कारखान्याची सगळी दारं एकदम लागायची. दसरा झाला की सगळ्यांनी दारवहीत नव्यानं नावं लिहायची आणि मग एकेक दार उघडायचं. निम्मी दारं मागायला कुणी यायचंच नाही. लोक मागं दसऱ्याला मागून गेलेले, पुढं विसरलेले. न मागितलेल्या दारांची मोजणी करताना अण्णांचा चेहरा असा खुलायचा, की लोकांना वाटावं ह्यांना बोनस मिळाला.

कारखान्यात ती तीन प्रश्नांची साथ पसरली. विणकाम खात्याचे मास्तर तेलुगू, ते कुणी सुट्टी मागितली की "येवरु, येंदुकु, येन्नि रोजुलु" असं एका दमात म्हणायचे. कँटीनवाला जादा चटणी मागितली तर तेच विचारायचा. फाटकावरचे चाचा तर अण्णांचे पट्टशिष्य. सर्व्हरच्या खोलीची एक किल्ली अण्णांच्या करदोड्याला आणि दुसरी चाचांच्या टेबलाच्या खणात, दारवहीच्या शेजारी. चाचा वर्षानुवर्षं फाटकावर बसलेले. त्यांच्यासमोरून मुंगी जायची असली तरी ती नाव सांगून जायची.

एकाच माणसाला हे सगळं खुपत होतं. धाकट्या मालकांना.

त्याचं कारण जुनं आहे आणि मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मी लागलो त्याच महिन्यात, अण्णा बाकीच्या संगणकांची दारं लावत मुख्य सर्व्हरपाशी पोचले, तेव्हा थोरल्या मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, की बाबा रे, हे नोकर खिडकीत बसले तर आपलं काय बिघडतं, आपण टॉवेल करतो, बाँब नाही. मी लेबलांवर सही घ्यायला तिथंच उभा होतो, धाकटे मालक सोफ्यावर. अण्णांनी सांगितलं, यातला एक नोकर आहे, त्याचं नाव फिंगर. त्याला कुणीही बाहेरून विचारावं, घरात कोण आहे, कधी आलं, आणि त्यानं सगळं सांगून टाकावं. पासवर्ड नको, ओळख नको. थोरले मालक म्हणाले, दाखव बघू. अण्णांनी स्वतःच्या लॅपटॉपवर एक ओळ टाइप केली आणि आलेलं उत्तर मोठ्यानं वाचलं. सर्व्हरवर आज कोण कोण आलं त्याची यादी होती. विणकाम मास्तर, सात वाजता. हिशेबनीस, नऊ वाजता. धाकटे मालक, अकरा वाजून चाळीस मिनिटं.

धाकट्या मालकांनी वडिलांना नुकतंच सांगितलं होतं की मी नऊपासून बसलोय.

केबिनमध्ये एवढी शांतता झाली की खालच्या मजल्यावर मागात धावणाऱ्या धोट्याचा आवाज वर ऐकू आला. आमच्याकडच्या मागांना धोटे नाहीत, तरी ऐकू आला. थोरले मालक मुलाकडं न बघता अण्णांना म्हणाले, "बंद करा ते. सगळंच बंद करा." सगळ्यात आधी फिंगर बंद झालं, म्हणजे खरा फायदा धाकट्या मालकांचाच झाला, पण हे त्यांना कोण समजावणार?

अशी वर्षं गेली. मग एका वर्षी ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती आली आणि त्या दिवशी अण्णा सकाळी गल्लीत शेंगापोळ्या वाटत सुटले. दारोदार. मुलीचं लग्न ठरलं का, असं लोकांनी विचारलं. नाही. मुलाला नोकरी? नाही. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हात धरून विचारलं, तेव्हा अण्णा डोळ्यात पाणी आणून म्हणाले, "काकू, टेलनेट बंद करूनच द्यायला लागलेत." काकूंनी टेलनेट म्हणजे कुठला तरी रोग समजून देवाला हात जोडले. अण्णांनी ते चालवून घेतलं.

गोष्ट खरी होती. नव्या सिस्टीममध्ये असले सगळे भोळे नोकर सुरुवातीपासूनच घरी बसवलेले होते. ज्याला लागेल त्यानं स्वतः उठून बोलवायचं. अण्णा जन्मभर जे एकेका घरात हातानं करत आले, ते आता बनवणारेच करून देत होते. त्या आठवड्यात अण्णांनी मला एकूण एकोणीस पोळ्या खायला घातल्या. हा आकडा मात्र फुगवलेला नाही.

त्यातनंच घोळ झाला. धाकटे मालक म्हणाले, सगळं आपोआपच बंद येतंय तर अण्णांची गरज काय? पुण्याची एक कंपनी आहे, त्यांची टायवाली माणसं येतील, महिन्यातून एकदा बघून जातील.

"बंद करायला माणूस लागत न्हाय, बरोबर," अण्णा म्हणाले. "पण उघडायला लागतो की. कुणाला, कशाला, कुटवर, हे त्या यंत्राला कोण सांगणार?"

धाकट्या मालकांनी मग सगळ्यांच्या देखत अट घातली. या दसऱ्याला तुमची ती दारं लावायची रीत करा. पण नंतर तुमच्या कडीमुळं एक पाळी जरी उभी राहिली, तर दुसऱ्या दिवसापासून मंद्रूपला जोंधळा राखायचा. थोरले मालक आता थकले होते, कारभार धाकट्यांच्याच हातात होता. अण्णांना निवृत्तीला तीन वर्षं होती आणि धाकट्या मुलीचं कॉलेज चालू होतं. ते "बरं" म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदाच मला त्यांच्या खोलीतून जेवण न करता बाहेर पडता आलं.

आता यात एक नाजूक जागा होती. आमचे जॅकार्डचे माग जुने. टॉवेलवरची फुलं, मोर, हॉटेलांची नावं, जे काही विणायचं त्याची डिझाईन सर्व्हरवरून मागांपर्यंत जायची ती एफटीपीनंच. दुसरा हमाल त्या मागांना ओळखता येत नव्हता. अण्णांना एफटीपीचा राग, पण मागांवर राग नव्हता. त्यांनी त्या हमालासाठी एक वेगळी तार टाकली, एकाच संगणकापासून मागांपर्यंत, आणि तेवढी एक खिडकी. मास्तरांनी दारवहीत लिहिलं होतं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी अडीचपासून. कारण माग त्या दिवशी तीनच्या पाळीला सुरू होणार होते. आधीच उघडून ठेवा की, मी म्हणालो. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी बाजारात उभा राहून हाळी देतोय. दोन दिवस माग उभे, मग खिडकी उघडून कुणाची वाट बघायची? ते दसऱ्याला मंद्रूपला जाणार होते आणि तिथून, घरी बसून, स्वतःच्या पक्क्या, कुलूपबंद वाटेनं सर्व्हरमध्ये शिरून बरोबर अडीचला ती उघडणार होते.

त्या दुपारी मी आधीच छापून ठेवलेली लेबलं मोजत बसलो होतो. दोन वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला आणि त्यावर अण्णांचं नाव आलं. मी लेबलं सोडून फोन उचलला. अण्णांचा फोन कायम बंद. तो ते उघडायचे फक्त स्वतःला लागला तर, आणि तो त्यांना लागायचा वर्षातून एखाद्या वेळी.

"मोडनिंब, मी भाहेर हाय."

"मंद्रूपला ना? ठाऊक हाय की."

"तसं न्हाय रं. सर्व्हरच्या भाहेर हाय. मला आत घेईना."

"कुणी बंद केलं?"

"मीच," अण्णा म्हणाले. आवाज पडलेला होता, पण त्या पडलेल्या आवाजात कुठंतरी कौतुकही होतं. दरवर्षी त्यांच्या प्रोग्राममध्ये एक ओळ असायची, की सगळ्यांची दारं लाव, माझं सोड. या वर्षी नव्या सिस्टीमसाठी प्रोग्राम नव्यानं लिहिला. आता कुणालाच सूट नाही, या आनंदात ती ओळ त्यांनी लिहिलीच नाही. जे वहीत नाही ते बंद. आणि स्वतःकडं स्वतःच दार मागायला कोण जातं? त्यांचं नाव वहीत नव्हतं.

मंद्रूपहून निघावं तर सणाची गर्दी, एसटीत पाय ठेवायला जागा नाही, यायला चार वाजणार. एकच उपाय होता. मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन तिथल्या कीबोर्डवर बसायचं आणि ते फोनवर सांगतील ते टाइप करायचं. मी फाटकाकडं पळालो. कारखान्याचं आवार तसं लहान आहे, पण त्या दिवशी ते तीन किलोमीटर भरलं.

चाचांनी दारवही उघडली, बोट फिरवलं. माझं नाव होतं, पण लेबलांपुरतं. खोलीसाठी नव्हतं. मी फोन स्पीकरवर टाकला.

"चाचा, मी बोलतोय. द्या किल्ली त्याला," अण्णा म्हणाले.

"आवाज तो तुम्हाराच हय अण्णा," चाचा म्हणाले. "मगर तुमीच बोले थे ना, आवाज पे नक्को जाना. वही में नाम किधर हय?"

अडीच वाजत आले होते. तेवढ्यात धाकट्या मालकांची गाडी फाटकात आली. मागच्या सीटवर पुण्याची दोन टायवाली माणसं. आमचा घोळका बघून धाकटे मालक उतरले, काय झालं ते त्यांनी दोन मिनिटांत काढून घेतलं आणि त्यांच्या तोंडावर अशी काही कळा आली, की जणू दसरा आजच आहे. ते म्हणाले, बघा, पाळी सुरू व्हायच्या आत तुमचा माणूस स्वतःलाच बाहेर ठेवून कडी लावून बसलाय. मग त्यांनी चाचांपुढं हात केला. द्या ती किल्ली इकडं, ही मंडळी बघतील.

चाचा उठून उभे राहिले, सलाम केला आणि पुन्हा वहीवर बोट फिरवलं. "साब, आप का नाम वही में नै."

"मी मालक आहे."

"हौ साब. मालूम हय. मगर वही में नै."

धाकट्या मालकांनी इतक्या वर्षांत दारवहीत एकदाही नाव लिहिलेलं नव्हतं. मालकानं कुणाला विचारायचं, असं त्यांचं म्हणणं. आता त्यांचा हात तसाच हवेत राहिला. टायवाल्यांपैकी एकजण जोडे बघायला लागला. मी घड्याळ बघत होतो. अण्णांची नोकरी माझ्या हातातल्या फोनमध्ये होती आणि फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत होता, मंद्रूपच्या शेतातला.

अण्णा ओरडले असते तर चाचांनी किल्ली दिली असती, असं मला अजून वाटतं. चाचा त्यांना फार मानायचे. पण चाचांनीच खाकरून, फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन विचारलं.

"कौन?"

पलीकडं वारा थांबल्यासारखा वाटला. मग अण्णांचा आवाज आला, शाळेत हजेरी द्यावी तसा. "मंद्रूपचा कडीअण्णा."

"कायकू?"

"मागाची खिडकी उघडायला. मोडनिंबच्या हातानं."

"कित्ते दिन?"

"आजचा दिवस."

अण्णांचं नाव, काम आणि मुदत मी वहीत लिहिली, खाली माझी सही केली. चाचांनी वाचून बघितलं, किल्ली घेतली, ती माझ्या हातात न देता स्वतः पुढं निघाले, कुलूप स्वतः उघडलं आणि माझ्या मागं उभे राहिले. धाकटे मालक आणि टायवाले उंबऱ्याबाहेर.

मी दोन बोटांनी टाइप करणारा माणूस. अण्णा एकेक अक्षर सांगायला लागले. एस सोलापूरचा, टी तुळजापूरचा, ए अक्कलकोटचा, आर रोपळ्याचा, पुन्यांदा टी तुळजापूरचा. आख्ख्या मुलखातनं मी फिरून आलो. एम आला तेव्हा मी विचारलं, मंद्रूपचा की मोडनिंबचा, आणि अण्णांनी कानडीत जे उत्तर दिलं ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. शेवटचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. ना दिवा लागला, ना आवाज. मी घाबरून सांगितलं, अण्णा, काय सुदीक झालं न्हाय.

"झालं," अण्णा म्हणाले. "उघडल्यावर आवाज न्हाय करत ते. मास्तरला म्हण, डिझाईन सोड."

दोन अठ्ठावन्नला पहिल्या मागावर डिझाईन पोचली. कुणाला सांगताना मी दोन एकोणसाठ सांगतो. तीनचा भोंगा झाला आणि अठ्ठेचाळीस माग एका दमात असे धडधडले, की फोनवर अण्णांना काही सांगायची गरजच उरली नाही. त्यांनी जरा वेळ ते ऐकलं आणि फोन बंद केला. काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पहिल्या गाडीनं आले ते सरळ धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये. चाचांकडून दारवही घेतलेली होती. मला म्हणाले, तू चल, साक्षीदार हायस. वही टेबलावर ठेवली, कालचं पान उघडलं.

"मालक, काल पाळी उभी राहिली असती. माझ्या चुकीनं. तुमची अट माझ्या ध्यानात हाय."

"राहिली नाही ना पण," धाकटे मालक म्हणाले.

"राहिली न्हाय ती चाचांमुळं. मी तर भाहेरच होतो."

धाकटे मालक पान बघत बसले. आदल्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत असावी, कारण त्यांनी विचारलं, "काल त्या पुण्याच्या माणसांनी एकट्यांनी येऊन किल्ली मागितली असती, तर चाचांनी दिली असती?"

"न्हाय."

"मला दिली नाही."

"न्हाय."

"तुम्हाला पण दिली नाही."

"मलापण न्हाय," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्याच्यानं राहवेना, हसू फुटलं. "काय माणूस तयार झालाय हो. लई पक्का."

धाकट्या मालकांनी पेन उचललं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ते दारवहीत लिहीत होते. रकाना पहिला, अण्णांचं नाव. दुसरा, कारखान्याची दारं उघडायला. तिसऱ्या रकान्यापाशी जरा थांबले, मग ठसठशीत अक्षरात लिहिलं, कायमचं. वही फिरवून अण्णांपुढं सरकवली.

मला वाटलं, आता हा माणूस रडणार. टेलनेटसाठी रडला होता. अण्णांनी पान नीट वाचलं, खिशातून लाल पेन काढलं, 'कायमचं' वर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, पुढच्या दसऱ्यापर्यंत.

"खाली सही करा," ते म्हणाले.

धाकट्या मालकांनी सही केली. अण्णांनी वही काखेत मारली, नमस्कार केला, बाहेर पडले आणि सवयीनं जाता जाता केबिनची कडी बाहेरून लावून घेतली. आत आम्ही दोघं. धाकटे मालक माझ्याकडं बघतात, मी त्यांच्याकडं. शेवटी ते उठले आणि त्यांनी आपल्याच केबिनचं दार आतून वाजवलं.

बाहेरून आवाज आला, "यार?"